बाबांनी ब्लॉक घेतला

ब्लॉक हा शब्द आज कानावर पडला की काहीतरी अडलंय, हे न सांगता कळतं. रविवारी ब्लॉक आहे म्हणजे गाड्यांचे हाल. काकांना दोन ब्लॉक निघाले म्हणजे अँजिओप्लास्टी ठरलेली. तिने त्याला ब्लॉक केलं म्हणजे विषय संपला. एटीएम कार्ड ब्लॉक, रस्ता ब्लॉक, शेअरच्या अर्जापोटी खात्यातले पैसे ब्लॉक. १९७०च्या दशकात, माझ्या लहानपणी, हाच शब्द आमच्या घरात पेढ्यांच्या पुड्याबरोबर आला होता.

तेव्हा मुंबईत ब्लॉक म्हणजे घर, आणि तेही संडास-बाथरूम आतच असलेलं घर. इंग्रजीत ‘ब्लॉक ऑफ फ्लॅट्स’ म्हटलं की अख्खी इमारत होते. मराठी माणसाने त्यातला पहिला शब्द तेवढा उचलला आणि इमारतीतल्या आपल्या दीड-दोन खोल्यांना लावून टाकला. त्याच्या आधी ‘सेल्फकंटेन्ड’ हे विशेषण हमखास यायचं. पुढे हा शब्द लग्नाच्या बाजारातही चालू लागला. ‘मुलगा बँकेत, स्वतःचा ब्लॉक’ एवढं कळलं की मुलीकडचे पुढची चौकशी करायला उठायचे. पगार किती हे नंतर. जागा कुठे आणि कशी हे आधी.

या शब्दाला एवढं वजन का होतं, ते चाळीत राहिलेल्याला सांगावं लागत नाही. गिरगावातली आमची खोली दहा बाय बाराची. तिच्यात आईबाबा, आजी, आम्ही तीन भावंडं, शिवाय नोकरीच्या शोधात गावाहून आलेला एखादा काका किंवा आतेभाऊ. दिवसा गाद्यांची चळत कोपऱ्यात, रात्री ती खोलीभर पसरलेली. पुढे समाईक गॅलरी, आणि गॅलरीच्या टोकाला साऱ्या मजल्याचे संडास. सकाळी तिथे रांग. हातात टमरेल घेऊन उभं राहायचं आणि आत गेलेल्याला बाहेरून खोकून दाखवायचं. बाई दिसली की तिला पुढे जाऊ द्यायची रीत होती, पण तिच्याकडे चार डोळे लागलेले असत, हेही खरं. चाळीच्या आठवणी काढताना गॅलरीतल्या गप्पा, गणपती आणि क्रिकेट यांच्यावर आपण भरभरून बोलतो. त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना विचारून त्या आठवणी फारशा कुणी लिहिलेल्या नाहीत. आईला चाळीची आठवण काढून हळवी झालेली मी कधी पाहिली नाही.

ब्लॉक सहजासहजी मिळत नव्हता. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली होती. भाडेकरू तगला, पण भाड्याने देण्यासाठी इमारत बांधायला पैसेवाल्यांना कारण उरलं नाही. मग एकीकडे पागडी आणि दुसरीकडे ओनरशिप. १९६३मध्ये ओनरशिपच्या जागांसाठी महाराष्ट्राने कायदा केला आणि नोकरदार माणूस सहकारी सोसायट्या काढून गाडीच्या मार्गाने पुढे पुढे सरकू लागला. पार्ला, गोरेगाव, बोरिवली. इकडे मुलुंड, ठाणे, डोंबिवली. बाबांनी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढलं, प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली, आईच्या पाटल्या मोडल्या आणि डोंबिवलीत ब्लॉक घेतला. घेतला. हे क्रियापद बाबा जरा थांबून उच्चारायचे.

तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. आमचा दुसरा मजला. एका मजल्यावर चार ब्लॉक आणि मधल्या पॅसेजमध्ये चारही दारं समोरासमोर. आत शिरलं की बाहेरची खोली, पलीकडे स्वयंपाकघर, त्यात कडप्प्याचा ओटा. खाली मोझॅकची फरशी, आणि पॉलिश नवीन असल्याने तिच्यावर आम्ही पायमोजे घालून घसरत असू. खिडक्यांना लोखंडी गज. आणि स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या वाटेवर दोन दारं, एक बाथरूमचं, एक संडासचं. आजीने ती पाहिली आणि तिचं तोंड उतरलं. ‘अगो, स्वयंपाकघराला लागून संडास? मग देव कुठे ठेवायचे?’ देव शेवटी बाहेरच्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीला लागले. आई मात्र पहिल्या दिवशी बाथरूममध्ये गेली, आतून कडी लावली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळ सोडल्याचा आवाजही येत नव्हता. आजी काळजीने दाराशी गेली तेव्हा आतून आई म्हणाली, ‘काही नाही, बसलेय जरा.’ लग्न होऊन गिरगावात आल्यापासून घराच्या आत, कडी लावून, एकटीने बसायची ती तिची पहिली वेळ होती. लहानपणी मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. आता कळतं, आणि म्हणून ब्लॉक या शब्दाला कुणी ‘बंद दाराची संस्कृती’ वगैरे नावं ठेवायला लागलं की मला राग येतो.

दार बंद झालं, पण तोडलं काहीच गेलं नाही. ते दार दुपारी नुसतं आड केलेलं असायचं, कडी नसायची. डोंबिवलीत पाण्याची टंचाई होती, त्यामुळे ज्याच्या नळाला आधी पाणी येई त्याने बाकीच्यांची दारं ठोठावायची, हा अलिखित नियम. पिंप, बादल्या, घागरी, पातेली, सगळं भरून ठेवायचं. टीव्ही पहिल्यांदा समोरच्या ब्लॉकमध्ये आला आणि रविवारच्या सिनेमाला त्यांच्या मोझॅकवर आमच्या सतरंज्या पडू लागल्या. ‘समोरचा ब्लॉक’ हे त्या कुटुंबाचं आमच्या घरातलं नावच होतं. ‘समोरच्या ब्लॉकला वाटी देऊन ये’ म्हटलं की झालं.

आज हा अर्थ जवळजवळ पुसला गेला आहे. पंचाहत्तरीच्या पुढची माणसं अजून ब्लॉक म्हणतात. त्यांच्या मुलांनी फ्लॅट म्हटलं आणि नातवंडं टू बीएचके म्हणतात. घराचं माप कार्पेटमध्ये, किंमत चौरस फुटात आणि विश्वास महारेराच्या नोंदणी क्रमांकात. ही नोंदणी तेव्हा असती तर किती संसारांचे पैसे बुडायचे वाचले असते, हे त्या काळी बिल्डरच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवलेले लोकच जाणतात.

शाळेत हा शब्द पुन्हा भेटला, पण वेगळ्या वेषात. दहावीच्या परीक्षेला शाळेबाहेरच्या फळ्यावर बैठक क्रमांक आणि त्यापुढे ब्लॉक नंबर लिहिलेला असे. आपला ब्लॉक सापडेपर्यंत पोटात गोळा. हा अर्थ टिकून आहे. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी अजूनही मुलं ‘माझा ब्लॉक कुठे आला’ विचारत जिन्यांवरून धावतात. गावाकडे बीडीओ साहेबांच्या नावातही ब्लॉक होताच. २ ऑक्टोबर १९५२ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यातला तो विकासाचा ब्लॉक. आपल्याकडे पंचायत समित्या आल्यावर कागदोपत्री तो गट झाला आणि साहेब गटविकास अधिकारी झाले, तरी एसटी स्टँडवर उतरलेला माणूस अजून बीडीओ ऑफिसच विचारतो.

मला मनापासून ज्याची चुटपुट लागते तो ब्लॉक छापखान्यातला. तो आता कोणी हातात धरलेला नसेल. माझे मामा एका लहानशा छापखान्यात जुळारी होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचो. खिळ्यांच्या केसेस, शाईचा आणि रॉकेलचा वास, ट्रेडल मशीनचा ठेका. आणि भिंतीतल्या कपाटात ओळीने लावलेले ब्लॉक. शिसवी किंवा सागवानी तुकड्यावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, त्यावर कोरलेलं चित्र. लाकूड आणि पत्रा मिळून उंची बरोबर खिळ्याएवढी, ०.९१८ इंच. त्याहून केसभर कमी भरली तर चित्र पुसट उठणार, जास्त भरली तर कागद फाटणार. मामा कमी उंचीच्या ब्लॉकखाली कागदाचे कपटे घालून ती जुळवत. बोट फिरवून त्यांना उंची कळायची.

ब्लॉक करणारे वेगळे असत. त्यांना ब्लॉकमेकरच म्हणत. फोटो द्यायचा, मग ते मोठ्या प्रोसेस कॅमेऱ्यात काचेची बारीक रेघांची जाळी मध्ये ठेवून त्याचा फोटो घ्यायचे. जाळीमुळे चेहरा ठिपक्यांत फुटायचा, गडद भागात मोठे ठिपके, उजळ भागात बारीक. ते ठिपके पत्र्यावर उतरवून आम्लाला पत्रा खायला घालायचा. ठिपक्यांच्या मधला भाग आम्ल खाऊन टाकतं, ठिपके उभे राहतात, त्यांना शाई लागते. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचात ६५ रेघांची जाळी पुरे. आर्ट पेपरवर १२० किंवा १३३ची लागे. दर चौरस इंचावर ठरायचा, म्हणून लहान नियतकालिकांतले लेखकांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे असत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथपासून कितीतरी वर्षं मराठी अंकातलं छायाचित्र या ठिपक्यांतूनच वाचकापर्यंत पोहोचत होतं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. लोणावळ्याला त्यांनी ब्लॉक करण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला होता, रंगीत छपाईतलं नवं शिकायला ते जर्मनीलाही जाऊन आले. भारतीय सिनेमाचा जनक आधी ब्लॉकमेकर होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उजेड कुठे पडतो आणि अंधार किती लागतो, याचा सराव त्यांच्या हाताला तिथे झाला असणार.

मामांच्या कपाटात सगळ्यात झिजलेला ब्लॉक गणपतीचा. लग्नपत्रिका म्हटली की वर गणपती हवाच, त्यामुळे त्याला लग्नसराईत उसंत नसे. सोंडेच्या टोकाची रेघ तुटली होती. त्या तालुक्यातल्या कितीतरी पत्रिकांवर तुटक्या सोंडेचा गणपती आहे. कलश, सनईवाला, श्रीफळ, जोडलेले दोन हात. निवडणुकीच्या दिवसांत बैलजोडी, गायवासरू, झोपडी अशी पक्षांची चिन्हं. आणि वेगळ्या खणात, कागदात गुंडाळून, माणसांचे चेहरे. गावातल्या कुणाचं वर्षश्राद्ध असलं की पुण्यस्मरणाच्या जाहिरातीसाठी फोटोचा ब्लॉक करून घ्यायचे. तो एकदा केला की दरवर्षी कामाला यायचा. काहीजण छापखान्यातच ठेवत, काहीजण घरी नेत. आजोबा गेल्यावर मामांनी त्यांचा ब्लॉक करून आणला होता. तो हातात घेतला तर चेहरा उलटा, डावीकडचा भांग उजवीकडे. अंगठ्याखाली ठिपक्यांचा खरबरीतपणा लागायचा. मावशीने तो बरीच वर्षं देवघराच्या खालच्या खणात ठेवला होता. आज माणसाचे हजारो फोटो फोनमध्ये असतात. ते डोळ्यांना दिसतात, मोठे करून पाहता येतात. आजोबांचा चेहरा मात्र आम्हाला हाताला लागायचा.

१९८०च्या दशकात ऑफसेट गावोगाव पोहोचलं आणि ब्लॉक निरुपयोगी झाले. जस्त भंगारात गेलं, लाकूड चुलीत. मामांच्या छापखान्यात डीटीपीसाठी संगणक आला, तेव्हा ते निवृत्तीला आले होते. त्यांच्या हातची उंची ओळखायची कला कुणाला शिकायची गरज उरली नव्हती. पत्रिकांची छपाई सुबक झाली, रंगीत झाली, स्वस्तही झाली. हे सगळं चांगलंच झालं. तरी त्या कपाटातले चेहरे भंगाराच्या काट्यावर गेले, ते कुणीतरी वाचवायला हवे होते, असं मला अजून वाटतं. ज्या गावात एखाद्या जुन्या छापखान्याच्या माळ्यावर अजून काही ब्लॉक पडून असतील, तिथल्या वाचनालयाने ते मागून घ्यावेत. कपाटाचा एक खण पुरतो.

रेल्वेतही ब्लॉक जुनाच आहे, आणि तो मुळात प्रवाशाच्या जिवासाठी आहे. दोन स्थानकांमधला रुळांचा पट्टा म्हणजे ब्लॉक सेक्शन, आणि एका वेळी त्यात एकच गाडी. पुढच्या स्थानकाने घंटा वाजवून ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. एकेरी मार्गावर तर मशीनमधून धातूचा गोळा काढून, तो पिशवीत घालून, मोठ्या कडीला अडकवून ड्रायव्हरच्या हाती द्यायचे. तो गोळा हातात असेल तरच पुढचा पट्टा त्याचा. न थांबणाऱ्या गाडीतून फायरमन हात बाहेर काढून कडी झेलायचा आणि आधीची फेकायचा. ते पाहायला आम्ही मुलं फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहायचो. पण हा ब्लॉक प्रवाशाच्या बोलण्यात कधी आला नाही. तो स्टेशनमास्तरच्या खोलीतला शब्द होता.

प्रवाशाच्या तोंडी आला तो मेगाब्लॉक. आमच्या लहानपणी रविवार म्हणजे डोंबिवलीहून गिरगावात जायचा दिवस. आजीला तिच्या बहिणीकडे न्यायचं, आम्ही चाळीतल्या मुलांत खेळायचं, संध्याकाळी मागच्या डब्यात बसून परत. आता शनिवारी वर्तमानपत्रात चौकट येते. माटुंगा ते मुलुंड जलद मार्गावर सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५. हार्बरवर अमुक ते तमुक. डोहाळजेवणाची, साखरपुड्याची, बारशाची वेळ आता मुहूर्ताबरोबर या चौकटीलाही विचारून ठरते. फेब्रुवारी २०२२मध्ये ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गासाठी ७२ तासांचा ब्लॉक झाला. मे महिन्याच्या अखेरीला, २०२४ साली, ठाण्याचा फलाट रुंद करायला आणि सीएसएमटीला लांब गाड्यांची सोय करायला ६३ तासांचा. लोकांनी बोटं मोडली, आणि ज्यांना त्या दिवशी कामावर जावंच लागतं अशा घरकामाच्या बायका, नर्स, सुरक्षारक्षक यांचे हाल खरेच फार झाले. त्यांच्यासाठी जादा बस सोडणं ही मेहेरबानी नाही. ब्लॉकच्या खर्चातच ती धरायला हवी.

तरीसुद्धा मेगाब्लॉकला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. भर दुपारी बारा वाजता संथ गाडीच्या दारातून एकदा बाहेर बघा. केशरी जाकिटातले ट्रॅकमन उन्हात खडी ओढत असतात, पहारीने स्लीपर सरळ करतात, वर टॉवर वॅगनवर माणसं ओव्हरहेड वायरला भिडलेली असतात. आठवड्याचे सहा दिवस आपण ज्या रुळांवरून अंगावर अंग रेलून जातो, त्या रुळांना हात लावायला त्यांना हे चार-पाच तास मिळतात. गंमत अशी की तिथेही क्रियापद तेच आहे. मध्य रेल्वे ब्लॉक घेते. बाबांनीही घेतला होता.

हृदयाच्या ब्लॉकबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. आमच्या पिढीत तो घरोघरी आहे. पूर्वी माणूस रात्री जेवून झोपायचा आणि सकाळी ‘झटका आला’ एवढंच कळायचं. आता नव्वद टक्के, सत्तर टक्के असे आकडे कळतात, मनगटातून तार जाते, स्टेंट बसतो आणि माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी. फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हा औषध लावलेला स्टेंट ३० हजारांच्या आत आला. त्याआधी स्टेंटसाठी दागिने मोडलेली घरं मी पाहिली आहेत. बाबांच्या वेळी ही सोय आमच्या हाताशी नव्हती.

फोनवरचा ब्लॉक मात्र मला पटत नाही. भांडणं आमच्या इमारतीतही व्हायची. पाण्यावरून, जिन्यातल्या कचऱ्यावरून, मुलांच्या क्रिकेटवरून. मग अबोला. आमचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांचा एक अबोला गणपतीपासून संक्रांतीपर्यंत चालला होता. पण अबोल्यात समोरचा माणूस दिसत राहतो. जिन्यात गाठ पडते, तो आजारी पडला की कळतं, त्याच्याकडे पाहुणे आले की चपला दिसतात. आणि संक्रांत कॅलेंडरात ठरलेली. तिळगूळ घेऊन मुलाला धाडलं की मोठ्यांना माघार घेतल्यासारखं वाटायचं नाही. फोनवर ब्लॉक झालेल्या माणसाला फक्त एक बरोबरची खूण दिसते, दुसरी उमटत नाही, आणि फोटोच्या जागी करडं वर्तुळ. का, कधीपासून, काय चुकलं, हे विचारायला जागाच नाही. छळणाऱ्याला ब्लॉक करायची सोय मुलींना मिळाली, ती त्यांच्या फार उपयोगाची आहे आणि ती हवीच. नातेवाइकांत आणि शेजाऱ्यांत ती वापरताना मात्र आपण तिळगुळाची वाटच बुजवतो.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीचा आता पुनर्विकास होतो आहे. पाण्याच्या टाकीखालचे पिलर तडकले, सळ्या दिसू लागल्या, डागडुजी आवाक्याबाहेर गेली. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला किती कार्पेट वाढवून मिळणार यावरून सेक्रेटरी आणि तळमजल्यावरचे एक गृहस्थ यांनी एकमेकांना ब्लॉक केलं आहे, त्यामुळे निरोप माझ्यामार्फत जातात. आर्किटेक्टने नवा आराखडा आणून दाखवला तेव्हा आई जवळ बसली होती. तिने क्षेत्रफळ विचारलं नाही, पार्किंगही विचारलं नाही. ‘आपल्या ब्लॉकच्या समोर कुणाचं दार येतं?’ एवढंच विचारलं. आर्किटेक्टने मोठ्या कौतुकाने सांगितलं की कुणाचंच दार कुणासमोर येत नाही, प्रायव्हसीसाठी लॉबी तशी वळवली आहे. आईने बाथरूम आतच आहे ना, कडी नीट लागते ना, याची खात्री करून घेतली आणि मग म्हणाली, ‘प्रायव्हसी आत हवी हो. लॉबीत कशाला?’

संमतीपत्रासोबत मी तिच्या सहीने एक अर्ज दिला आहे. दारं समोरासमोर करता येत असतील तर करावीत. नसतील, तर समोरच्या ब्लॉकला निदान आमच्याच मजल्यावर जागा द्यावी.